पहिल्या रकान्यातल्या लीनाकाकू

सोमवार, ७ ऑक्टोबर २००२. एकूण गुण १४५०, पैकी मिळालेले ४६४. हजर : आई, बाबा आणि मी. ओहायोतल्या डब्लिन गावी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला एकोणतीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि दुसऱ्या बाजूला भाजलेल्या शेंगदाण्यांचं ताट. आई शेंगदाणे सोलत सोलत पेपर तपासायची, त्यामुळे तिच्या वर्गातल्या मुलांना पेपर परत मिळत तेव्हा त्यांना खमंग वास येत असे, आणि काही मुलं गुण बघायच्या आधी पेपर हुंगत. बेरीज आईने कॅल्क्युलेटरवर दोनदा केली, मी कागदावर एकदा केली. तिन्ही वेळा ४६४च आली. म्हणजे दर मुलामागे पन्नासपैकी बरोबर सोळा.

"बेरीज चुकलेली नाही," मी म्हणाले.

"तेच तर वाईट झालं," बाबा म्हणाले.

आईने नागपूरला ज्युनियर कॉलेजात नऊ वर्षं केमिस्ट्री शिकवली होती. मग बाबांची नोकरी अमेरिकेत आली, आणि आईच्या व्हिसावर काम करायची परवानगी नसल्यामुळे पुढची सात वर्षं तिने एकाही वर्गात पाऊल टाकलं नाही. त्या सात वर्षांत तिने आमच्या फ्रीजवर लोहचुंबकांनी कागद लावून मला शिकवलं, बाबांना शिकवायचा प्रयत्न केला, आणि एकदा गॅरेजचं दार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला गंज म्हणजे काय ते पाऊण तास समजावून सांगितलं. त्याने बिल पाऊण तासाचं जास्त लावलं. अखेर ग्रीन कार्ड आलं, आणि त्याच वर्षी आमच्या हायस्कूलच्या केमिस्ट्रीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. आईला त्यांच्या जागी घेतलं गेलं. जमलं तर जागा कायम होईल असंही कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. मी त्या वेळी सतरा वर्षांची, त्याच शाळेत. माझी केमिस्ट्री आदल्या वर्षी होऊन गेली होती, हे माझं नशीब.

मुलांना वझलवार हे आडनाव उच्चारता येईना, म्हणून ती मिसेस व्ही झाली. ती वर्गात आली की मुलांनी उभं राहावं अशी तिची अपेक्षा होती. पहिल्या दिवशी ती दारात थांबून राहिली, आणि मुलांना वाटलं बाईंना आत यायला कुणाची तरी परवानगी हवी आहे. शेवटी एका मुलीने "कम ऑन इन!" म्हणून तिला आत घेतलं. ती 'ॲल्युमिनियम' म्हणायची, मुलं 'अलूमिनम' म्हणायची. झिंकची खूण ती 'झेड एन' अशी सांगे, तर मागच्या बाकावरून विचारणा होई, "व्हॉट्स अ झेड?" पण हे सगळं चालण्यासारखं होतं. खरी अडचण झाली ती तक्त्याची.

वर्गाच्या भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता, आवर्तसारणीचा, सहा फूट लांब. इथल्या परीक्षांत तो तक्ता मुलांना छापूनच देतात. भिंतीवरही असतो. आईला हे कळलं तेव्हा तिला धक्का बसला. आमच्या घरात पाठ असणं म्हणजे येणं. मी सात वर्षांची असल्यापासून सकाळी पोह्यांची फोडणी चरचरली की आई "हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम" असं सुरू करायची आणि कोथिंबीर पडेपर्यंत मी निदान कॅल्शियमपर्यंत पोचलं पाहिजे असा दंडक होता. आजही मला पोह्यांचा वास आला की आधी बोरॉन आठवतो. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, "मॉम, दॅट्स नॉट नॉर्मल." तर अशा बाईने पहिल्या चाचणीच्या दिवशी काय केलं असेल? तिने घरून डबलबेडची चादर नेली आणि चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून तक्ता झाकून टाकला.

"काय पाहून राहिली होती ती पोरं त्या चादरीकडे!" त्या रात्री जेवताना ती सांगत होती. "जसं काही आरपार दिसेल!"

"दिसलं असतं तर बरं झालं असतं," बाबा म्हणाले. "सोळाच्या वर गेली असती."

दोन दिवसांत अकरा पालकांचे ई-मेल आले. मुख्याध्यापक मिस्टर क्लाइन हे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आईला बोलावून चादर काढायला सांगितली आणि दोन आठवडे दिले. एकवीस तारखेच्या सोमवारी दुसरी चाचणी. वर्गाची सरासरी शंभरात सत्तर आली नाही, तर एक नोव्हेंबरपासून दुसरे शिक्षक. आईने घरी येऊन हे अगदी शांतपणे सांगितलं, मग भांड्यांचं कपाट उघडलं आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला काढली. आमच्या घरी डिशवॉशर फक्त भांडी निथळायला होता, त्यामुळे तो आवाज बराच वेळ चालला.

"उत्तरं भिंतीवर टांगून कुठे परीक्षा होते का?" ती नळाकडे तोंड करून म्हणाली.

"अगं, रोड ॲटलास रोज तुझ्या गाडीत असतो," बाबा म्हणाले. "तरी दर शनिवारी तू देवळाची एक्झिट चुकतेसच ना?"

आई वळली. रागावेल असं मला वाटलं होतं. पण ती ओल्या हातांनी तशीच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "बरोबर आहे. त्यांना नकाशा आहे, पण गावात ओळखीचं कुणी नाही." तक्त्यातला एकेक उभा रकाना म्हणजे एकेक घराणं, त्यातल्या सगळ्यांचे स्वभाव सारखे, हे तिला शिकवायचं होतं. पण मुलं तक्त्याकडे बघत ती परक्या हॉटेलातल्या मेनूकार्डाकडे बघावं तशी. निदान पहिल्या रकान्याशी, वरचा हायड्रोजन सोडून, ओळख झाली पाहिजे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, फ्रान्सियम. त्यांच्या खुणा एल-आय, एन-ए, के, आर-बी, सी-एस, एफ-आर. या खुणा घालून एखादं वाक्य करावं असं ठरलं, आणि ते मी केलं. ही जबाबदारी मी तेव्हाही टाळली नाही आणि आजही टाळत नाही.

लीनाकाकू, म्हणजे लीना प्रधान, आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या ज्येष्ठ. मुंबईच्या, केमिस्ट्रीतल्या एम.एस्सी., सत्तरच्या दशकात इथे आलेल्या, एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेल्या. नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला त्या पहिल्या भेटीत सांगत, "आम्ही आलो तेव्हा इथे कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती हं," आणि ते अशा सुरात, की त्यांनीच ती पुढे आणवली. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी कुठे बसायचं, चपला कुठे काढायच्या, आरती किती वेगात म्हणायची, हे त्या ठरवत. त्या गणपतीला त्यांनी आईच्या मोदकांच्या कळ्या मोजल्या होत्या. "सुषमा, सातच? नागपूरला सात असतात का?" आई तेव्हा हसली होती. घरी आल्यावर हसली नव्हती.

म्हणून मी पेन घेऊन लिहिलं : 'लीना काकू, रुबाब कसला फार!' एकेक शब्द खुणांवर बरोबर बसला. कसला हा शब्द मी इंग्रजीत लिहिताना 'के'च्या जागी 'सी' घातला, म्हणजे सीझियम चुकणार नाही. बाबा खुर्चीतून घसरेपर्यंत हसले. आई आधी "छे, छे" म्हणाली, मग एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, मग एकदा मोठ्याने. "मराठी कोणाला कळतंय तिथे?" ती म्हणाली.

वर्गात लीनाकाकूंचा मुलगा निखिल होता, हे तिच्या लक्षात होतं. पण निखिलला मराठीत 'जेवायला ये' म्हटलं तर तो "इन अ मिनिट" म्हणे, आणि तेवढंच त्याचं मराठी असा आमचा सगळ्यांचा समज होता.

वर्गाने ते वाक्य उचललं. मुलं ते एकमेकांना लॉकरपाशी ओरडून म्हणू लागली, 'रूबॅब कॅस्ला फार'. अर्थ विचारला तेव्हा आई खोटं बोलू शकली नाही. "हे एका बाईंविषयी आहे," एवढंच ती म्हणाली. मग तिने त्या बाईंच्या घराण्याची माहिती सांगितली : सगळे मऊ, चमकदार, कुणाशीही चटकन रिॲक्ट होणारे, आणि पाण्यात पडले की भडकणारे. लिथियम थोडं, सोडियम जास्त, आणि खाली खाली जाल तसा भडका मोठा. मुलांनी वहीत लिहून घेतलं. मागच्या बाकावरचा, झेडवाला मुलगाही लिहीत होता, असं आईने घरी येऊन दोनदा सांगितलं.

अठरा तारखेच्या शुक्रवारी शाळेचा फुटबॉलचा सामना होता. मुलांनी आईला "मिसेस व्ही, यू गॉटा कम" म्हणून आग्रह केला आणि ती गेली, सलवार-कमीजवर बाबांचं जाड जॅकेट घालून, बरोबर भाजलेले शेंगदाणे घेऊन. मी तिच्या शेजारी. आमच्या पुढच्या ओळीत, स्वतःची गादीची बैठक अंथरून, थर्मास मांडीवर घेऊन लीनाकाकू बसल्या होत्या. निखिल शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवायचा, त्यामुळे त्या एकही सामना चुकवत नसत. खेळ त्यांना कळत नव्हता. त्या फक्त बँडच्या रांगा सरळ आहेत की नाही ते पाहत.

आमची शाळा वीस गुणांनी मागे पडली. मुलं कंटाळली. नेहमीच्या आरोळ्या संपल्या. मग विद्यार्थ्यांच्या बाजूने कुणीतरी एकट्याने सुरुवात केली, आणि त्याला लगेच आईच्या बाकीच्या वर्गाने साथ दिली, आणि वर्गाला पाहून तीनेकशे पोरांनी, ज्यांना केमिस्ट्रीही नव्हती. "लीना काकू!" आणि बँडमधून ढोल : ढम् ढम्. "रुबाब कसला फार!" ढम् ढम् ढम्. निखिल मन लावून वाजवत होता. पालकही टाळ्या वाजवू लागले. एक आजोबा आमच्या मागे उभे राहून दोन्ही मुठी उंचावून "कॅकू! कॅकू!" करत होते.

लीनाकाकूंनी थर्मासचं झाकण लावलं. सावकाश, शेवटच्या आट्यापर्यंत. मग त्या मागे वळल्या.

"सुषमा, हे माझं नाव घेतायत."

"नाही हो, लीनाताई." आईचा आवाज अगदी शिक्षिकेचा झाला. "ते लिथियम आणि सोडियम."

"आणि काकू?"

"पोटॅशियम."

"रुबाब?"

"रुबिडियम."

 पाठीमागून पुन्हा ढम् ढम् झालं. "कसला, सीझियम," लीनाकाकू स्वतःच म्हणाल्या. "फार, फ्रान्सियम. आय सी." आणि त्या पुन्हा मैदानाकडे वळल्या. सामना संपेपर्यंत त्यांची पाठ आम्हाला दिसत होती. इतकी ताठ पाठ मी तोवर पाहिली नव्हती. आईने शेंगदाण्यांची पिशवी उघडलीच नाही.

शनिवार-रविवार आमच्या घरी फोन वाजला की तिघंही एकमेकांकडे बघत होतो. लीनाकाकू शाळेच्या पालक समितीवर होत्या. बाईंनी वर्गात पालकाची टिंगल शिकवली, एवढं एक वाक्य त्या बोलल्या असत्या, तर चाचणीचे गुण मोजायचीही गरज उरली नसती. "मी जाऊन सांगते ना, की ते मी लिहिलं," मी म्हटलं. "तू लिहिलंस," आई म्हणाली, "पण फळ्यावर कुणी लिहिलं?" बाबा आपल्या परीने धीर देत म्हणाले, "त्यांनी ओळखलं तरी, कौतुकच आहे असंही वाटू शकतं." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गवत कापायला बाहेर गेले. ऑक्टोबर अर्धा सरला होता, कापण्यासारखं गवत नव्हतं.

सोमवारी दुसऱ्या तासाला चाचणी झाली. सहाव्या तासाला मला वर्ग नसे. मी ऑफिसात बसून उशिरा येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या लावायचं काम करत असे. मिस्टर क्लाइनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत आधी आई गेली, मग लीनाकाकू, निळ्या कोटात, पर्स दोन्ही हातांत धरून. मी एकच चिठ्ठी हातात धरून बसले. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं.

मिस्टर क्लाइन म्हणाले, की शुक्रवारी ते स्वतः सामन्याला होते आणि नंतर त्यांना दोन फोन आले. ही एखादी प्रार्थना आहे का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने विचारलं, की यात काही वाईट तर नाही ना. "मिसेस व्हीवर माझा विश्वास आहे," ते म्हणाले, "पण ते वाक्य तिने शिकवलं आहे, म्हणून अर्थ मला दुसऱ्या कुणाकडून हवा. या भाषेतलं दुसरं कुणी मला माहीत नाही. मिसेस प्रधान, रुबाब म्हणजे काय?"

 आईने नंतर मला सांगितलं, की उत्तर येईपर्यंत तिने भिंतीवरच्या घड्याळातले सेकंद मोजले आणि ते चौदा होते.

"हा अवघड शब्द आहे," लीनाकाकू म्हणाल्या. "राजदरबारातला. एखादी व्यक्ती खोलीत शिरली आणि सगळे आपोआप नीट बसले, तर त्या व्यक्तीकडे रुबाब आहे असं आम्ही म्हणतो."

"म्हणजे स्तुती आहे?"

"ज्याच्याकडे तो असतो त्याला ती स्तुतीच वाटते."

"आणि ही लीना काकू कोण? गोष्टीतली आहे का?"

"मीच ती," लीनाकाकू म्हणाल्या.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मला दिसत नव्हतं, पण आई म्हणते, मिस्टर क्लाइन नकळत ताठ बसले.

"म्हणजे हे थांबवायचं नाही?"

"का थांबवायचं? माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा पहिला रकाना न अडखळता म्हटला. घरी, जेवताना. फक्त एक चूक आहे, ती दुरुस्त व्हायला हवी. 'फार' म्हणजे पुष्कळ. फ्रान्सियम साऱ्या पृथ्वीत मिळून चिमूटभर असेल नसेल. जे इतकं दुर्मीळ, त्याला फार कसं म्हणता येईल?"

"नोंद घेते, लीनाताई," आई म्हणाली. 

चाचणीचे पेपर आईने त्या दिवशी शाळेतच तपासले. शेंगदाण्यांशिवाय. बेरीज ११०२, म्हणजे दर मुलामागे अडतीस, शंभरात शहात्तर. तिने कागद मला दिला आणि मी तीन वेळा बेरीज केली. एक नोव्हेंबरला त्या वर्गात दुसरं कुणी आलं नाही. त्या केमिस्ट्रीच्या बाई बाळाला सोडून परत यायला तयार झाल्या नाहीत, आणि आई पुढे एकवीस वर्षं तिथे होती. पण तो हिशेब या प्रकरणातला नाही.

या प्रकरणातला हिशेब त्याच सोमवारी शाळा सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये झाला. लीनाकाकू गाडीपाशी थांबल्या होत्या. मीही आईबरोबर होते.

"आता मला सांगा, मला त्या रकान्यात कुणी घातलं?"

"मी," आई म्हणाली. "मी, काकू," मी म्हटलं. दोन्ही एकदम.

"म्हणजे घरात चर्चा होऊन झालंय," लीनाकाकू म्हणाल्या. "पाण्यात पडले की पेट घेणारे, असंही वर्गात सांगितलंस म्हणे. निखिलला सगळं मराठी कळतं, बरं का सुषमा. तो फक्त उत्तर देत नाही."

"तो ढोल वाजवत होता, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याला विचारलं मी. म्हणाला, 'आय थॉट इट वॉज अ ट्रिब्यूट.'" त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग जागेवर आला. "ते असो. दंड बसणार. दुसऱ्या रकान्याचं वाक्य मी सांगणार आणि तुम्ही ते रांधून आणणार. मंजू, लिही."

माझ्या हातात ती उशिराची चिठ्ठी अजून होतीच. तिच्या पाठीवर मी लिहिलं. बेरिलियम, बेसन. मॅग्नेशियम, मूग. कॅल्शियम, काकडी. स्ट्रॉन्शियम, सार. बेरियम, बासुंदी. रेडियम, रायतं. बी-ई, एम-जी, सी-ए, एस-आर, बी-ए, आर-ए या खुणांशी एकेक ताडून पाहिलं, काकडीला 'सी' घालून. सगळं बसत होतं. त्यांनी हे शनिवार-रविवारी घरी बसून केलं असणार, हे मला फार पुढे सुचलं.

"लीनाताई, काकडी आणि रायतं दोन्ही कसं?" आईने विचारलं. "रायतं काकडीचंच करतात ना."

"ते तू बघ. रकाना बदलता येत नाही."

शनिवारी, २६ ऑक्टोबरला, आम्ही तिघं सहा डबे घेऊन त्यांच्या घरी गेलो. रायतं आईने लाल भोपळ्याचं केलं होतं, काकडीची कोशिंबीर. लीनाकाकूंनी टेबलावर एकेक डबा उघडून नाव घेतलं आणि पहिल्याच डब्यापाशी थांबल्या.

"हे काय?"

"बेसन," आई म्हणाली. नागपूरला बेसन म्हणजे कांदा-लसणाची फोडणी दिलेलं, भाकरीबरोबर खायचं झणझणीत बेसन. मुंबईकर ज्याला पिठलं म्हणतात ते.

"अगं, मी बेसन म्हटलं. बेसनाचे लाडू! दिवाळी आली, मला काय पिठलं मागायचंय?"

"तुम्ही नुसतं बेसन म्हणालात, लीनाताई. चिठ्ठी आहे आमच्याकडे."

चिठ्ठी मी दाखवली. लीनाकाकूंनी चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली. मग त्यांनी चमचा घेतला, बेसन चाखलं, दुसऱ्यांदा चाखलं, आणि निखिलने डब्याकडे हात केला तर डबा आपल्या बाजूला ओढून घेतला.

बुधवारी आईने एकवीस लाडू नेऊन दिले. लीनाकाकूंनी ते मोजून घेतले आणि पिठल्याचा डबा रिकामा, धुऊन परत दिला. मूग, काकडी, सार, बासुंदी, रायतं आणि दोन्ही तऱ्हेचं बेसन, असे सहा मूलद्रव्यांपोटी सात पदार्थ लीना प्रधान यांना पोचले.